वेडी बाभूळ, तरवड, घाणेरी: पडीक वावर साफ करायला ट्रॅक्टरला कोणतं औजार लावावं

वावर चार-पाच वर्षं पडीक राहिलं की खान्देशात त्याचा ताबा कोण घेतं ते सांगायला नको. नाल्याकाठी आणि बांधाला वेडी बाभूळ, मुरमाड उतारावर तरवड आणि बोरी, सातपुड्याच्या पायथ्याला घाणेरी, काळ्या जमिनीत खाली कुंदा नि हरळी. मग ट्रॅक्टरवाला औजारांच्या दुकानात जातो आणि विचारतो, "पंचेचाळीस एचपीच्या ट्रॅक्टरला झुडपं काढायला काय चालेल?" दुकानदार दारात जे उभं असेल ते दाखवतो.

दुकानात जाण्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी. झुडूप कापायचं आहे की उपटायचं? ही दोन कामं, त्यांना दोन वेगळी औजारं आणि वर्षातल्या दोन वेगळ्या वेळा लागतात. तरवड, घाणेरी, गाजरगवत, वाळलेलं उंच गवत कापून भागतं. वेडी बाभूळ कापून भागत नाही. तिचे डोळे बुंध्याच्या मातीखालच्या भागात असतात. जमिनीलगत कापली की एका खोडाच्या जागी आठ-दहा फुटवे येतात आणि पुढच्या वर्षी तीच जाळी दुप्पट दाट दिसते. तिचं मूळ मातीखाली वीतभर ते फूटभर तरी तुटलं पाहिजे, तेव्हा ती मरते.

म्हणून पहिला नियम असा: जे झाड उपटायचं आहे ते आधी कापू नका. खोडाचा गुडघ्याच्या वर, दोन-अडीच फूट भाग ठेवा. साखळी बांधायला आणि मूळ हलवायला तोच दांडा कामाला येतो. स्लॅशरने (आडव्या फिरत्या पात्यांनी झुडपं कापणारं औजार) सगळं सपाट केल्यावर मागे राहिलेले खुंट उपटायला जेसीबीशिवाय इलाज उरत नाही, आणि जेसीबीचं मीटर तासावर चालतं.

आधी पायी फिरा

औजार निवडण्याआधी वावरात काठी घेऊन एक पूर्ण फेरी मारा. जाळी दाट असेल तर कोयत्याने वाट करत जा. चार गोष्टी शोधायच्या आहेत.

पहिली, पडकी विहीर. आपल्याकडे कठडा नसलेल्या जुन्या विहिरी शिवारोशिवारी आहेत आणि वेडी बाभूळ नेमकी त्यांच्या काठाने माजते. वरून हिरवी जाळी दिसते, खाली चाळीस फूट पोकळी. विहीर सापडली की चारही बाजूंनी दहा-पंधरा फुटांवर खुंट्या ठोकून त्यांना लाल चिंध्या बांधा. त्या खुंट्यांच्या आत ट्रॅक्टर न्यायचाच नाही, आतली झुडपं हाताने काढायची.

दुसरी, ठिबकच्या जुन्या नळ्या. जिथे कधी केळी किंवा ठिबकवरची कपाशी होती तिथे १६ मिलिमीटरच्या लॅटरल मातीत अर्धवट पुरलेल्या असतात. स्लॅशरच्या किंवा मल्चरच्या (झुडपं बारीक करणाऱ्या औजाराच्या) शाफ्टला ही नळी गुंडाळली की घर्षणाने वितळते, ऑइल सीलमध्ये शिरते आणि सील कापते. गिअरबॉक्समधलं तेल हळूहळू गळतं, ते आठवडाभर कळत नाही. कळतं तेव्हा बेअरिंग गेलेलं असतं. कुंपणाची काटेरी तार तर नळीपेक्षा वाईट. दोन्ही आधी ओढून काढा. सबमेनचा, म्हणजे लॅटरलना पाणी पुरवणारा, पीव्हीसी पाइप साधारण दीड-दोन फुटांवर असतो. सबसॉयलर (खोल जाणारं एका फणाचं औजार) लावणार असाल तर त्याची ओळ चुन्याने आखून घ्या.

तिसरी, दगड आणि जुने खुंट. गवतात लपलेला बांधाचा दगड पात्याला लागला तर पातं वाकतं, आणि दगड गोळीसारखा उडतो.

चौथी, मोहोळ. आग्या मोहोळ ज्या झाडावर असेल त्याच्या आसपास मशीनचा आवाज करू नका.

हे करताना खोडांची जाडीही बघा. पट्टी लागत नाही, स्वतःचा हात पुरे. अंगठ्याएवढं खोड म्हणजे साधारण २५ मिलिमीटर, मनगटाएवढं म्हणजे ५० ते ६०, पोटरीएवढं म्हणजे १०० च्या आसपास. वावरातल्या बहुतेक खोडांची जाडी कोणती, यावर औजार ठरतं. चार-दोन जाड झाडांसाठी सगळं औजार जड घेऊ नका. ती झाडं वेगळी काढता येतात.

या फेरीतच झाडं ओळखून घ्या. साग, खैर, मोह, अंजन, आंबा, चिंच, जांभूळ यांसारखी झाडं स्वतःच्या मालकीच्या जमिनीत असली तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत येतात. त्यांना परवानगीशिवाय हात लावायचा नाही. सातपुड्याच्या बाजूला अंजन आणि खैराची रोपं घाणेरीच्या जाळीत लपलेली असतात, ट्रॅक्टरवरून ती दिसत नाहीत. वनजमीन लागून असेल तर हद्द मोजून घेतल्याशिवाय कडेची पट्टी साफ करू नका.

स्लॅशर: कापण्याचं मुख्य औजार

रोटरी स्लॅशर म्हणजे जाड पत्र्याचं झाकण, वर गिअरबॉक्स, खाली आडवी फिरणारी दोन किंवा तीन पाती. पाती पक्की आवळलेली नसतात, बोल्टवर मोकळी फिरतात. दगड लागला की मागे दुमडतात. पात्यांच्या मध्ये बशीसारखी गोल थाळी असते, तिच्यामुळे औजार खुंटावरून घसरत जातं आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट वाचतो. ही थाळी नसलेला स्लॅशर झुडपांसाठी घेऊ नका, तो बागेतल्या गवतासाठी असतो.

रुंदी ठरवताना इंजिनचा एचपी धरू नका, पीटीओवर (औजार फिरवणारा ट्रॅक्टरच्या मागचा शाफ्ट) मिळणारा धरा. इंजिनचा साधारण ८५ टक्के भाग पीटीओपर्यंत पोहोचतो. ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर ३८ च्या आसपास मिळतात. गवत आणि पातळ तरवड असेल तर प्रत्येक फूट रुंदीला ५ एचपी धरा, म्हणजे ६ फुटी स्लॅशर आरामात चालतो. मनगटाएवढी काटेरी झुडपं दाट असतील तर फुटाला ७ ते ८ धरा, म्हणजे ५ फूट पुरे. ३५ एचपीच्या ट्रॅक्टरने ५ फुटी स्लॅशर गवतात ओढता येतो, पण जाळीत इंजिन गुदमरतं. तिथे ४ फुटी घ्या.

मागची चाकं बाहेरून बाहेर साडेपाच ते सहा फूट असतात. ५ फुटी स्लॅशर दोन्ही चाकांचा माग पूर्ण झाकत नाही. म्हणून प्रत्येक पट्टा मागच्या पट्ट्यावर फूटभर चढवून घ्यायचा.

विकत घेताना काय बघायचं? झाकणाचा पत्रा. हलक्या स्लॅशरला ३ मिलिमीटरचा असतो, तो दोन हंगामांत लहरतो. झुडपांसाठी ५ ते ६ मिलिमीटरचा बघा. गिअरबॉक्सवर किती एचपीचा आहे ते कोरलेलं असतं, तो आकडा तुमच्या पीटीओ एचपीपेक्षा मोठा हवा. पुढे-मागे साखळ्यांचे पडदे हवेत, रबरी झालर नको. काट्यांत ती महिनाभर टिकत नाही. जुना घेत असाल तर इंजिन बंद करून, औजार लाकडी ठोकळ्यांवर टेकवून पातं धरा आणि वर-खाली हलवा. थाळीसकट खेळत असेल तर खालचं बेअरिंग गेलं आहे. शाफ्टच्या बुडाशी तेलकट चिखल दिसला तर सील गेलं आहे. या दोन गोष्टी असलेला स्लॅशर स्वस्तात मिळाला तरी स्वस्त पडत नाही.

संरक्षण दोन प्रकारचं येतं: शिअर बोल्ट किंवा स्लिप क्लच. शिअर बोल्ट म्हणजे जास्त ताण आला की आधी तुटणारा बोल्ट. तो तुटावा म्हणूनच असतो. दिवसातून पाच-सहा वेळा तुटला की माणूस वैतागतो आणि हाताला येईल तो कडक बोल्ट टाकतो. मग बोल्ट शाबूत राहतो आणि गिअरचे दात जातात. कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचे बोल्ट पंचवीस-तीस घेऊन डब्यात ठेवा. झुडपांच्या कामाला स्लिप क्लच (जास्त ताण आला की घसरणारा) बरा, पण त्याचीही एक खोड आहे. पावसाळाभर उघड्यावर राहिला की प्लेटा गंजून चिकटतात आणि क्लच घसरतच नाही. हंगामाच्या सुरुवातीला स्प्रिंगांची लांबी मोजून लिहून ठेवा, प्रत्येक नट दोन आटे सैल करा, दोन-तीन सेकंद पीटीओ देऊन क्लच घसरू द्या, गंज झडला की नट मूळ मापावर आवळा.

पात्याला वस्तऱ्यासारखी धार लावायची नाही. दीड मिलिमीटरची बोथट कड ठेवा. झुडूप पात्याच्या वेगाने तुटतं. पातळ धार पहिल्या दगडाला उडते. दोन्ही पात्यांचं वजन सारखं हवं, एक बदललं की दुसरंही बदला, नाहीतर थरथरीने बोल्ट सैल होतात. पात्यांचे बोल्ट पहिल्या तासानंतर आणि मग रोज सकाळी तपासा.

श्रेडर आणि मल्चर

कपाशीमुळे पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) बारीक करणारा श्रेडर खान्देशात बऱ्याच ठिकाणी भाड्याने मिळतो. गुलाबी बोंडअळीमुळे फरदड (लांबवलेलं कपाशीचं पीक) न घेता पऱ्हाट्या वेळेत बारीक करायला हे औजार लोकांनी घेतलं. तेच अंगठ्याएवढ्या तरवडीला, घाणेरीला, वाळक्या गवताला चालतं. आडव्या रोटरवर हातोड्या किंवा वाय आकाराची पाती असतात, माल बारीक होऊन जागेवरच पसरतो. स्लॅशरपेक्षा दगड कमी उडवतो, त्यामुळे रस्त्याजवळ किंवा वस्तीजवळ हाच बरा. ५ ते ६ फुटी औजाराला ४५ ते ५५ एचपी लागतात.

अंगठ्यापेक्षा जाड लाकूड त्यात घातलं की बेल्ट घसरतात, जळका वास येतो. बेल्ट आवळून काम रेटू नका, जाड खोडं बाजूला काढा. एक हातोडी तुटली तर तिच्या बरोबर समोरची हातोडीही बदला. रोटर वेगाने फिरतो आणि तोल बिघडला की दोन्ही बाजूंची बेअरिंग काही तासांत जातात.

एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत. वेडी बाभूळ किंवा बाभूळ मल्चरने बारीक केली तर काटे जातात कुठे? तिथेच, मातीत. बाभळीचा काटा पुढची दोन-तीन वर्षं टायरला, बैलाला आणि निंदणी करणाऱ्या बायांच्या पायाला सापडत राहतो. काटेरी माल वावराबाहेर काढायचा, मल्चर बिनकाट्याच्या झुडपांना लावायचा.

रोटाव्हेटरने हे काम होत नाही

घरी असतो म्हणून लोक रोटाव्हेटरच घालतात. ५ फुटी रोटाव्हेटरला ३६ पाती असतात, उभ्या झुडपात ती वाकतात, मुळं गुंडाळली जातात आणि चेन किंवा गिअरवर ताण येतो. त्याहून मोठं नुकसान कुंदा, हरळी आणि लव्हाळ्याच्या वावरात होतं. रोटाव्हेटर त्यांच्या गाठींचे आणि काशांचे (मातीखालच्या आडव्या खोडांचे) तुकडे करून सगळीकडे पेरतो. प्रत्येक तुकडा उगवतो. रोटाव्हेटरची पाळी अगदी शेवटी, मुळं वेचून झाल्यावर, पेरणीआधी.

उपटण्याची औजारं

काळी जमीन उन्हाळ्यात विटेसारखी होते. एप्रिलमध्ये मनगटाएवढी वेडी बाभूळ साखळीने ओढली तर खोड तुटतं, मूळ राहतं. पहिले दोन चांगले पाऊस होऊन वाफसा आला की तेच झाड मुळासकट येतं. म्हणून उपटण्याचं काम जूनच्या अखेरीपासून. त्या खरिपाला त्या तुकड्यातली पेरणी सोडून द्यावी लागते, हे आधीच धरून चला. मुरमाड जमिनीत वाफसा दोन-तीन दिवसच टिकतो, ट्रॅक्टर आणि माणसं तयार ठेवा.

साखळी १० ते १२ मिलिमीटर कड्यांची, किमान पंधरा-वीस फूट लांब, दोन्ही टोकांना हुक. नायलॉनची दोरी कधीच वापरू नका. ताणून तुटली की ती चाबकासारखी मागे येते. साखळी खोडाला जमिनीपासून हातभर उंचीवर, दोन वेढे देऊन. ट्रॅक्टरला कुठे बांधायची यात जीव जातो, म्हणून नीट वाचा: फक्त ड्रॉबारला (ट्रॅक्टरच्या मागचा, ओढण्यासाठीचा खालचा दांडा), मागच्या एक्सलच्या पातळीखाली. टॉप लिंकच्या (औजाराच्या वरच्या जोडणीच्या) जागी किंवा एक्सलवर बांधली आणि झाड हललं नाही, तर पुढची चाकं उचलली जातात आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्यावर उलटा पडतो. क्लचवर पाय जाईपर्यंत होऊन जातं. लो-१ गिअरमध्ये, साखळी हळूहळू ताणत, सरळ रेषेत ओढा. झटके देऊ नका. आसपास कोणी उभं राहू नये. तीन वेळा ओढून झाड हललं नाही तर सोडा, मुळाच्या एका बाजूने कुदळीने खणून आडवं मूळ कुऱ्हाडीने तोडा, मग पुन्हा ओढा.

पोटरीपेक्षा जाड खोड ४५-५० एचपीच्या ट्रॅक्टरचं काम नाही. तिथे जेसीबी बोलवा, पण त्याच्यासाठी झाडांना आधीच चुन्याची खूण करून ठेवा, म्हणजे तासाचं भाडं झाडं शोधण्यात जात नाही. चालकाला मूळ वीतभर खाली तोडून काढायला सांगा. झाड आडवं पाडलं म्हणजे काम झालं असं तो समजतो.

झाडं निघाल्यावर सबसॉयलर. एकच जाड फण, ४५-५० एचपीला १८ इंचांपर्यंत घालता येतो, तीन-तीन फुटांवर आडवा-उभा चालवला की उरलेली आडवी मुळं तुटतात. त्यालाही शिअर बोल्ट असतो, वर सांगितलेला नियम इथेही लागू.

मग पलटी नांगर. दोन फाळांचा हायड्रॉलिक पलटी नांगर ४५ एचपीच्या वर. कुंद्याच्या वावरात हे खरं औजार. एप्रिल-मेमध्ये ९ ते १२ इंच खोल नांगरून मोठी ढेकळं तशीच सोडून द्या. ऊन चाळीस-बेचाळीसच्या पुढे जातं तेव्हा उघड्या पडलेल्या काशा वाळून मरतात. ढेकळं लगेच फोडली तर काशा पुन्हा मातीआड जातात. नांगरटीनंतर पंधरा दिवसांनी मुळं वेचायला माणसं लावा. वेचणीसाठी गावातल्या वेल्डरकडून दाताळ करून घेता येतं: जाड चौकोनी गजाचे दात, दोन दातांत १५ ते २० सेंटीमीटर अंतर, म्हणजे माती खाली गळते आणि मुळं अडकतात. स्प्रिंगच्या नऊ फणी कल्टिव्हेटरने हे काम करायला गेलात तर मुळांत अडकून स्प्रिंग तुटतात.

पुढे लावायचा डोझर ब्लेड बघायला रुबाबदार. टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल झाडं ढकलायला केलेला नसतो. कापलेला माल गोळा करायला वापरा, उभ्या झाडाला धडक देऊ नका.

ट्रॅक्टर औजाराला जुळतो का

औजार जोडायच्या पिना आधी मोजा. कॅटेगरी १ च्या खालच्या पिना २२ मिलिमीटर, वरची १९. कॅटेगरी २ च्या खालच्या २८ आणि वरची २५ च्या आसपास. लहान पिन मोठ्या भोकात बुश न टाकता घातली तर औजार डुलतं आणि भोक अंडाकार होतं. बुश दहा मिनिटांचं काम आहे.

पीटीओ ५४० फेऱ्यांचा, ६ दातांचा. इंजिनच्या किती फेऱ्यांवर ५४० मिळतात ते मीटरवर खूण केलेलं असतं, काम त्याच खुणेवर करायचं. इकॉनॉमी पीटीओ (इंजिनच्या कमी फेऱ्यांवर चालणारा) फवारणीसाठी ठीक, झुडपांत नको.

पीटीओ शाफ्टची लांबी ही नव्या औजाराची सगळ्यात मोठी चूक. शाफ्टच्या दोन नळ्या एकमेकीत सरकतात. औजार जोडून लिफ्ट पूर्ण वर आणि पूर्ण खाली करून बघा. सगळ्यात लांब अवस्थेत किमान १५ सेंटीमीटर नळी आत राहिली पाहिजे, सगळ्यात आखूड अवस्थेत तळाला टेकता कामा नये. लांब असेल तर दोन्ही नळ्या आणि त्यांची प्लास्टिक आवरणं सारख्याच मापाने कापा आणि कानसीने कड घासा. न कापता चालवलं तर लिफ्ट उचलताक्षणी शाफ्ट ट्रॅक्टरच्या पीटीओ बेअरिंगला आत ढकलतो. शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसला दर आठ तासांनी ग्रीस. आवरण तुटलं असेल तर शाफ्ट वापरू नका, धोतराचा सोगा किंवा उपरणं त्यात एकदा गेलं की सोडवायला वेळ मिळत नाही.

वजनाचाही विचार करा. ५ फुटी स्लॅशर २५० ते ३५० किलो, मल्चर त्याहून जड. लिफ्ट उचलते म्हणून ट्रॅक्टर पेलतो असं नाही. औजार उचलून वजनकाट्यावर आधी पूर्ण ट्रॅक्टर, मग फक्त पुढची चाकं तोला. पुढच्या चाकांवर एकूण वजनाचा पाचवा भाग तरी हवा. कमी असेल तर पुढे वजनं लावा, नाहीतर चढावर स्टेअरिंग हलकं होतं.

झुडपांत शिरण्याआधी रेडिएटरपुढे बारीक जाळी, ऑइल सम्पखाली पत्रा आणि डिझेलच्या नळीला आवरण लावून घ्या. कुसळी गवताचं बी दोन तासांत रेडिएटर बुजवतं. हवा मागून पुढे मारायची, पुढून मारली तर बी आत घट्ट बसतं. ऑइल-बाथ एअर क्लीनरचं तेल या दिवसांत रोज बघा. पंक्चर होणारच. पुढच्या टायरांचे दोन जास्तीचे ट्यूब आणि जॅक वावरातच ठेवा. जुने, रबर झिजलेले टायर घालून काटेरी वावरात शिरणं म्हणजे दिवस पंक्चरवाल्याच्या दारात घालवणं.

चालवताना

कापण्याचं काम फेब्रुवारी ते एप्रिल, पहाटेपासून दहापर्यंत. वाळलेल्या गवतात गरम सायलेन्सर ठिणगीचं काम करतो, म्हणून पाण्याने भरलेले दोन फवारणी पंप ट्रॅक्टरबरोबर हवेत. दुपारी वारा सुटला की थांबा.

पहिली फेरी ८ ते १० इंच उंचीवर, दगड आणि खुंट उघडे पडतात. दुसरी आडवी, ३ इंचांवर. गवताला स्लॅशरची पुढची बाजू मागच्यापेक्षा इंचभर खाली ठेवा, इंजिनवर कमी ताण येतो. झुडपं बारीक करायची असतील तर मागची बाजू खाली. लिफ्ट पोझिशन कंट्रोलवर (औजाराची उंची कायम राहते), ड्राफ्टवर (ओढीप्रमाणे उंची बदलते) नको, नाहीतर औजार वर-खाली नाचतं. वेग ताशी २ ते ३ किलोमीटर. पीटीओ पूर्ण फेऱ्यांवर आणून मग जाळीत शिरा.

दाट काटेरी जाळीत पुढून शिरू नका. औजार दोन-तीन फूट उचलून उलट्या गिअरने मागे सरका, मग हळूहळू खाली टेकवा. रेडिएटर, पुढची चाकं आणि तुमचा चेहरा काट्यांपासून वाचतो. मागे विहीर किंवा माणूस नाही याची खात्री मात्र उतरून करायची.

स्लॅशर चालू असताना शंभर मीटरच्या आत कोणी नको. लाकडं वेचायला आलेल्या बाया आणि शेळ्यावाली पोरं नेमकी मागे मागे येतात, त्यांना आधीच सांगा. पात्यांत काही अडकलं तर पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, पाती थांबेपर्यंत वाट, औजाराखाली लाकडी ठोकळे, मग हात. हायड्रॉलिकच्या भरवशावर औजाराखाली शिरायचं नाही.

नाल्याच्या कडेला, नाला जितका खोल तितकं अंतर सोडा. काळ्या मातीची कड भेगांमुळे आतून पोकळ असते.

वेळेचा हिशोब: ५ फुटी स्लॅशर ताशी अडीच किलोमीटरने, वळणं धरून, तासाला साधारण पाऊण एकराच्या आतच करतो. दोन फेऱ्या धरल्या तर एकराला तीन-सव्वातीन तास. भाड्याने देणाऱ्याने "तासात एकर" सांगितलं तर तो गवताचं बोलतो आहे.

विकत की भाड्याने

पाच-सहा एकर एकदाच साफ करायचे असतील तर स्लॅशर विकत घेऊ नका. दरवर्षी बांध, शेतरस्ते, बागेतलं गवत आणि भाड्याचं काम असेल तरच. सबसॉयलर तर चार-पाच जणांत मिळून एक घ्यावा, वर्षात फार तर दहा दिवस लागतो. अनुदानासाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणाखाली अर्ज करा आणि पूर्वसंमती आल्यावरच खरेदी करा. आधी घेतलेल्या औजाराचं बिल चालत नाही. औजाराचा तपासणी अहवाल आहे का ते विक्रेत्याला पैसे देण्याआधी विचारा.

साफ झाल्यानंतर

निघालेली वेडी बाभूळ जाळण्याआधी गिऱ्हाईक बघा. तिचं सरपण आणि कोळसा चांगला होतो. काटेरी फांद्या रानडुकरांच्या वाटेवर कुंपणाला घाला.

पहिल्या पावसानंतर तीस-चाळीस दिवसांनी पुन्हा वावरात फिरा. दोन गोष्टी दिसतील: राहिलेल्या मुळांचे फुटवे आणि बियांची नवी रोपं. रोपं वीतभर असतात तोवर ओल्या मातीतून हाताने निघतात, ऑगस्टनंतर खुरपं लागतं, दिवाळीनंतर कुदळ. फुटव्याखाली खणून मूळ वीतभर खाली तोडा, वरवर छाटू नका. पहिल्या वर्षी ज्वारी, ताग किंवा धैंचा दाट पेरला तर खालच्या रोपांना ऊन मिळत नाही. वेड्या बाभळीच्या शेंगा गोड असतात, शेळ्या नि गुरं त्या खातात आणि बी लेंडीतून, शेणातून तसंच पडतं. शेंगांच्या दिवसांत त्या वावरात मेंढरं बसवायची असतील तर ती आधी कुठे चरत होती ते विचारून घ्या. बी जमिनीत बरीच वर्षं जिवंत राहतं, म्हणून ही फेरी किमान दोन पावसाळे, आणि बांधाच्या कडेला त्याहून जास्त.

मृगाआधी स्लॅशर धुऊन झाकणावर साचलेला पाला खरवडा, तो ओल धरतो आणि पत्रा खालून गंजवतो. पात्यांना जळकं तेल लावा, गिअरबॉक्समधलं ९० नंबरचं तेल पाणी शिरून दुधाळ झालं असेल तर बदला, आणि पीटीओ शाफ्ट काढून छपराखाली ठेवा.